गाडीतील गारवा : वापर, देखभाल आणि दक्षता

गेल्या आषाढातील एक प्रसंग सांगून या लेखास आरंभ करतो. सत्तरी तालुक्यातील एका शाळेचा कार्यक्रम आटोपून आम्ही चौघेजण वाळपईहून पणजीकडे परतत होतो. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता. आत चार माणसांचे ओले कपडे आणि तितक्याच ओल्या छत्र्या. मागे बसलेल्या वयोवृद्ध मुख्याध्यापकांना थंडी वाजू लागली, म्हणून चालकाने वातानुकूलन बंद केले. खिडक्या तर आधीच लावलेल्या होत्या. पाच मिनिटांत समोरची काच दुधासारखी पांढरी झाली. एका हाताने स्टिअरिंग सांभाळीत चालक दुसऱ्या हातातील फडक्याने काच पुसू लागला. पुसलेली जागा क्षणात पुन्हा धूसर होई. अशातच एका वळणावर, एकाच छत्रीखाली चालणारी दोन शाळकरी मुले अगदी हातभर अंतरावर दिसली. चालक कसलेला होता. गाडी थांबली, मुले हसत निघून गेली. आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून मात्र बराच वेळ शब्द फुटला नाही.

थोड्या वेळाने मी म्हणालो, “एसी लावा.” चालक म्हणाला, “साहेब, पावसात एसी कशाला? तो उन्हाळ्यासाठी.” तरीही त्याने तो लावला आणि दोन-तीन मिनिटांत काच निवळली. तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारले, “पण थंडी न वाजता काच स्वच्छ ठेवता येत नाही का?”

येते, आणि अगदी सहज येते. चालकाच्या आणि मुख्याध्यापकांच्या प्रश्नांची उत्तरे ज्याला नीट समजली, त्याला गाडीतील वातानुकूलन यंत्रणेचे मर्म समजले असे म्हणावयास हरकत नाही. आज ही यंत्रणा सरकारी वाहनांत आहे, शाळेच्या गाड्यांत आहे आणि गावोगावच्या घरगुती मोटारींतही आहे. बटण दाबावे आणि गारवा यावा, एवढ्यावरच आपण समाधान मानतो. परंतु हे बटण कधी दाबावे, कधी दाबू नये आणि त्यामागे काय घडते, हे जाणून घेणे पैशाच्या दृष्टीने तर हिताचे आहेच. प्रसंगी ते जीव वाचविणारेही आहे.

यंत्र थंडी निर्माण करीत नाही

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते, आणि तसे करताना हवेतील पाणीही काढून घेते. ही दोन्ही कामे ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सारे नियम आपोआप समजतात.

आपल्या घरातील मातीचा माठ हे याचे सोपे उदाहरण होय. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते. उडताना ते माठातील पाण्याची उष्णता घेऊन जाते व पाणी गार होते. टोचणीपूर्वी दंडावर लावलेल्या स्पिरिटचा गारवा आपण अनुभवला आहे, तोही याच कारणाने. गाडीत हेच कार्य एक विशेष द्रव्य बंदिस्त नळ्यांतून फिरत राहून करते. त्याला व्यवहारात आपण ‘गॅस’ म्हणतो. बॉनेटखालचा कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो, तेव्हा तो तापतो. हा तापलेला गॅस गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सर नावाच्या जाळीतून जातो, बाहेरील वाऱ्याला आपली उष्णता देतो आणि द्रवरूप होतो. पुढे एका अरुंद झडपेतून सुटताच त्याचा दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डमागील दुसऱ्या जाळीत तो पुन्हा वायुरूप होतो. वायुरूप होताना तो आतील हवेची उष्णता शोषून घेतो. पंखा ही थंड झालेली हवा आपल्याकडे ढकलतो.

या डॅशबोर्डमागील थंड जाळीवर आतील हवेतील बाष्पाचे दंव जमते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या, बाष्पाने पूर्ण भरलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी असते. तीच हवा १० अंशांपर्यंत थंड केली तर ती ९ ग्रॅमच्या आसपासच पाणी धरू शकते. उरलेले पाणी जाळीवर जमते व एका नळीवाटे गाडीखाली ठिबकते. दमट दिवशी उभ्या गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही. यंत्र आपले काम चोख बजावीत आहे, याचीच ती खूण होय.

या यंत्राचा जन्मही उन्हाळ्याच्या त्रासातून नव्हे, तर दमट हवेच्या त्रासातून झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगे, आकसे आणि एकावर एक छापावयाचे रंग जागचे सरकत. हा दोष दूर करण्यासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ साली हवेतील ओलावा आवरणारी यंत्रणा आखली. मोटारगाडीत ही सोय येण्यास त्यानंतर सुमारे चार दशके लागली. १९३९ च्या सुमारास पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने ती आपल्या गाड्यांत देऊ केली. सारांश, पावसात एसी लावणे हा त्याचा गैरवापर नसून मूळ उपयोग आहे.

पावसाळा आणि धूसर काच

गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा जवळजवळ बाष्पाने भरलेलीच असते. त्यात प्रवाशांचा श्वास आणि ओले कपडे यांची भर पडते. पावसाने गार झालेल्या काचेला ही हवा लागली की काचेच्या आतील बाजूस सूक्ष्म थेंब जमतात. फडक्याने हे थेंब पुसले जातात, परंतु हवेतील पाणी तेथेच राहते. म्हणून काच पुन्हा धूसर होते. यावर उपाय पुढीलप्रमाणे :

एसी सुरू करावा. हवेचा झोत समोरच्या काचेकडे वळवावा. आणि आतलीच हवा फिरविणारी कळ बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. थंडी वाजत असेल, तर तापमानाची कळ उष्णतेकडे फिरवावी. एसी व उष्ण हवा ही दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. हवा आधी थंड जाळीवरून जाऊन कोरडी होते, नंतर गरम होऊन बाहेर येते. ही कोरडी व उबदार हवा काच सर्वांत लवकर निवळविते. इंजिनाच्या गाडीत ही उष्णता इंजिनाच्या गरम पाण्यातूनच मिळत असल्याने तिच्यासाठी वेगळे इंधन जळत नाही. मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

मात्र कधी कधी काच बाहेरून धूसर होते. बराच वेळ थंड झोत काचेवर लागल्याने काच बाहेरील दमट हवेपेक्षा गार होते आणि दंव बाहेरच्या अंगास जमते. याची परीक्षा सोपी आहे : वायपर फिरविताच काच स्वच्छ झाली, तर दंव बाहेर आहे. अशा वेळी झोत काचेवरून हटवावा व आतील तापमान थोडे वाढवावे. चोर्ला किंवा अनमोड घाट चढण्यापूर्वी या कळांची ओळख प्रत्येक चालकाने गाडी उभी असताना करून घ्यावी. वळणावर बटणे शोधीत बसण्याची वेळ येता कामा नये.

उन्हाळा आणि बंद गाडी

उन्हात उभ्या गाडीच्या काचांतून सूर्यप्रकाश आत शिरतो, आसने व डॅशबोर्ड तापवितो, आणि ती उष्णता आतच कोंडून राहते. बाहेर ३५ अंश तापमान असता अर्ध्या तासात आतील हवा ५० अंशांपलीकडे जाऊ शकते, आणि यातील बरीचशी वाढ पहिल्या काही मिनिटांतच होते. खिडकी दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

म्हणून एक गोष्ट सर्व पालक, शिक्षक व चालक बंधूंनी मनावर कोरून ठेवावी. मूल, वृद्ध, आजारी माणूस किंवा पाळीव प्राणी यांना बंद गाडीत एकटे ठेवू नये. दोन मिनिटांसाठीही नाही. लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या तुलनेत तीन ते पाच पट वेगाने तापते. “एसी चालू ठेवून जातो” हा उपायही विश्वासार्ह नव्हे, कारण इंजिन बंद पडले की गारवा संपतो आणि मुलाला दार उघडता येतेच असे नाही. अंगणात उभी असलेली गाडी नेहमी कुलूपबंद ठेवावी आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी असावी. खेळता खेळता मुले आत शिरतात व अडकतात. घरात मूल दिसेनासे झाले, तर विहिरीप्रमाणेच गाडीतही आधी पाहावे. शाळेच्या वाहनातील साहाय्यकाने शेवटचे मूल उतरल्यावर प्रत्येक आसन स्वतः जाऊन तपासावे. बंद गाडीत कोणी मूल अत्यवस्थ दिसल्यास ११२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि त्याला बाहेर काढून सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा.

तापलेल्या गाडीत बसताना प्रथम दारे उघडून मिनिटभर कोंडलेली हवा जाऊ द्यावी. सुरुवातीस खिडक्या खाली ठेवून थोडे अंतर चालवावे; नंतर काचा लावून आतील हवा फिरविणारी कळ सुरू करावी. पन्नास अंशांची हवा यंत्राकरवी थंड करण्यापेक्षा ती बाहेर घालविणे केव्हाही स्वस्त. गाडी थंड झाल्यावर मात्र अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. तीच ती हवा दीर्घकाळ फिरत राहिली, तर श्वासातील कार्बन डायॉक्साइड साचून चालकाला जडत्व व झोप येऊ लागते.

उभ्या गाडीत झोपणे प्राणघातक

लांबच्या प्रवासात किंवा लग्नसमारंभाच्या रात्री चालक इंजिन व एसी चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपतात. अशा झोपेतून माणसे पुन्हा उठली नाहीत, अशा वार्ता देशाच्या निरनिराळ्या भागांतून वेळोवेळी आलेल्या आहेत. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते, आणि माणूस गुदमरल्याची जाणीवही न होता बेशुद्ध होतो. धुराची नळी फुटलेली असेल, गाडी बंद गॅरेजमध्ये वा भिंतीला लागून उभी असेल, तर धोका अधिकच वाढतो. विश्रांती घ्यावयाची झाल्यास इंजिन बंद करून, काचा उघडून, मोकळ्या जागी घ्यावी. डास परवडतात. आपल्या चालकाला रात्री टेकण्यास जागा मिळाली आहे की नाही, हे पाहणे हे गाडीतून उतरणाऱ्या अधिकाऱ्याचे व यजमानाचेही कर्तव्य आहे.

इंधनाची काटकसर

कॉम्प्रेसर इंजिनाच्या शक्तीवर चालतो. म्हणजेच गारव्याची किंमत आपण इंधनात मोजतो. स्वयंचलित नियंत्रणाच्या गाडीत तापमान २४-२५ अंशांवर ठेवावे. सोळावर ठेवल्याने गाडी लवकर गार होते, हा समज चुकीचा आहे. ठरविलेले तापमान येईपर्यंत यंत्र तसेही पूर्ण जोमाने चालते. अशा गाड्यांच्या डॅशबोर्डवर उन्हाचा अंदाज घेणारा एक छोटा ज्ञापक असतो. आपल्याकडे डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती, फुले, रुमाल ठेवण्याची प्रथा आहे. श्रद्धा राखावी, पण तो ज्ञापक झाकला जाणार नाही एवढे पाहावे.

साहेब बैठकीत आणि खाली गाडी एसीसह चालू, हे दृश्य अनेक कार्यालयांच्या आवारात दिसते. उभी गाडी तासाला अर्धा ते एक लिटर इंधन सहज जाळते. गाडी सावलीत उभी करावी, काचेवर पडदा लावावा, आणि चालकाला कार्यालयात पंख्याखाली बसू द्यावे. विजेवर चालणाऱ्या गाडीत धूर नसतो, परंतु तेथेही गारवा बॅटरीतूनच येतो व गाडीचा पल्ला घटतो, हे विसरू नये.

घरच्या घरी देखभाल

यंत्रणेची बरीचशी देखभाल कोणासही करता येते. आतील हवा गाळणारी कॅबिन फिल्टर नावाची जाळी बहुधा डाव्या बाजूच्या खणामागे असते. ती अधूनमधून काढून झटकावी आणि वर्षातून एकदा, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, बदलावी. खाणपट्ट्यातील लाल धूळ ज्यांच्या नशिबी आहे, त्यांनी ती लवकर बदलावी. खेड्यांत उंदीर ही फिल्टर कुरतडतात व तेथे घरटे करतात, तेही तपासावे.

आंब्या-फणसाच्या झाडाखाली गाडी उभी करणाऱ्यांनी समोरच्या काचेच्या पायथ्याशी साचलेला पालापाचोळा वेचून काढावा. तेथूनच हवा आत जाते; तेथील निचरा तुंबला तर पावसाचे पाणी गाडीत शिरते. गाडीच्या तोंडाशी असलेला कंडेन्सर साध्या पाण्याच्या मंद धारेने धुवावा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावे, कारण खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या झिजतात. जोराच्या फवाऱ्याने त्या वाकतात, हेही लक्षात असावे.

मुक्काम जवळ आला की शेवटची तीन-चार मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. आतील ओली जाळी वाळते, बुरशी धरत नाही व कुबट वास येत नाही. थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. गॅसबरोबर फिरणारे तेल सांध्यांतील रबरी कड्यांना लागत राहते व त्या सुकत नाहीत.

काही दोष लक्षणांवरून ओळखता येतात. गाडी धावताना गार पण सिग्नलवर गरम हवा येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा तपासावा. हवाच कमी येत असेल, तर फिल्टर तुंबला असण्याचा संभव अधिक. आरंभी गार हवा येऊन पुढे झोत क्षीण होत गेला, तर आतील जाळीवर बर्फ धरत असावा. डाव्या आसनाखालचा गालिचा ओला लागला, तर पाण्याची नळी तुंबली आहे. आत गोडसर वास आणि काचेवर चिकट थर दिसला, तर इंजिनाच्या गरम पाण्याची गळती समजावी व गाडी त्वरित दाखवावी.

गॅस संपत नाही, गळतो

“दरवर्षी गॅस भरावाच लागतो” हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. गॅस हा पेट्रोलप्रमाणे खर्च होणारा पदार्थ नव्हे. तो बंदिस्त नळ्यांत फिरतो. वर्षानुवर्षांत रबरी नळ्यांतून अल्पसा झिरपतो, एवढेच. दरवर्षी भरावा लागत असेल, तर गळती आहे. म्हणून कारागिराला प्रथम गळती शोधण्यास सांगावे. दुरुस्तीनंतर नळ्यांतील हवा व ओल यंत्राने पूर्ण ओढून घ्यावी, आणि बॉनेटखालील चिठ्ठीवर लिहिलेला गॅस तितक्याच ग्रॅम वजनाने भरावा. अंदाजाने भरलेला जास्तीचा गॅसही गारवा कमी करतो. एका प्रकारचा गॅस दुसऱ्यात मिसळू नये. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा किंवा तत्सम ज्वालाग्राही गॅस भरून घेणे म्हणजे डॅशबोर्डमागे आग ठेवणे होय. आणि या नळ्या स्वतः कधीही उघडू नयेत. सध्या प्रचलित असलेला १३४-ए हा गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशांस उकळतो. त्याचा फवारा डोळ्यांत गेल्यास दृष्टी गमावण्याची भीती असते.

हा प्रश्न केवळ आपल्या खिशाचा नाही. पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असे. असे क्लोरीनयुक्त गॅस पृथ्वीभोवतालच्या ओझोनच्या थराचा नाश करतात, हे मोलिना व रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला, आणि २०१० पर्यंत जगभर या गॅसचे उत्पादन जवळजवळ थांबले. त्याच्या जागी आलेला १३४-ए ओझोनला धक्का लावीत नाही. परंतु वातावरण तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. लहान गाडीतील अर्धा किलो गॅस हवेत सोडणे म्हणजे सुमारे ७०० किलो कार्बन डायॉक्साइड सोडणे, अर्थात जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळणे. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार, जिला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, अशा गॅसचा वापर टप्प्याटप्प्याने घटवावयाचा आहे. जुना गॅस हवेत न सोडता यंत्रात परत घेणाऱ्या कारागिराकडेच जावे. चार पैसे अधिक लागले, तरी ते वाया जात नाहीत.

गारवा ही चैन नव्हे, जबाबदारी

तापलेल्या केबिनमध्ये थकलेला चालक हा रस्त्यावरील सर्वांनाच धोका आहे. या विचाराने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींच्या चालक-कक्षात वातानुकूलन अनिवार्य करण्यात आले. आता मालमोटारींच्या चालकांनाही ही माहिती पोहोचली पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींनी बाष्पीभवनाचा पाठ शिकविताना माठाबरोबर गाडीचेही उदाहरण द्यावे. पंचायतींनी बंद गाडी व मुले यांविषयीची सूचना आपल्या फलकावर लावावी. घरी जाऊन आईवडिलांना सांगणारे मूल हाच आपला सर्वोत्तम प्रचारक असतो.

त्या आषाढातील सायंकाळी पणजी गाठेपर्यंत आमच्या चालकाने एसी व उष्ण हवा दोन्ही चालू ठेवली होती. काच लख्ख होती आणि मुख्याध्यापकांना थंडी वाजत नव्हती. उतरताना ते चालकाला म्हणाले, “उद्या हे सातवीच्या वर्गाला सांगतो.” चालक हसला आणि म्हणाला, “गुरुजी, मीही आमच्या इतर चालकांना सांगतो.” त्या वळणावरील दोन मुलांचे नाव-गाव आम्हाला ठाऊक नाही. पण त्यांच्यासारखी मुले रोज पावसात त्याच रस्त्याने घरी जातात. त्यांच्यासाठी आपली काच स्वच्छ असावी, एवढेच आपणा सर्वांना सांगणे आहे.